तीस सप्टेंबर आणि दोन मुले

सनदी लेखापालाच्या व्यवसायाबद्दल बाहेरच्या माणसांचा असा समज असतो की, आम्ही वर्षाचे बारा महिने सारखेच कामात बुडालेले असतो. प्रत्यक्षात आमचे वर्ष फार उंचसखल असते. एप्रिलचा पहिला पंधरवडा बँकांच्या शाखांच्या लेखापरीक्षणात जातो, मे महिना बऱ्यापैकी मोकळा असतो, जुलैत पगारदारांची विवरणपत्रे येतात, ऑगस्टपासून टॅक्स ऑडिटचा (मोठ्या उलाढालीच्या धंद्यांच्या, आयकरासाठीच्या लेखापरीक्षणाचा) जोर चढतो तो ३० सप्टेंबरला टिपेला पोहोचतो, ऑक्टोबर त्या ऑडिटवाल्यांच्या विवरणपत्रांत जातो आणि डिसेंबर जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्रात. याखेरीज दरमहा ७ तारखेला टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर), ११ ला जीएसटीआर-वन (विक्रीचे विवरण) आणि २० ला थ्री-बी (जीएसटी भरण्याचे विवरण) असते. त्यातून कोणाची सुटका नाही. लहान मुले पदरी असलेल्या बाईच्या दृष्टीने यात एक मोठी सोय आहे. माझ्या डॉक्टर मैत्रिणीला रात्री कधी बोलावणे येईल हे ठाऊक नसते. मला मात्र पुढच्या वर्षी कोणत्या आठवड्यात मी घरात असून नसल्यासारखी असेन, हे आजच सांगता येते. याच भरवशावर मी हा व्यवसाय आणि दोन मुले एकत्र चालवायला घेतली. तो भरवसा कुठे खरा ठरला आणि कुठे दगा देऊन गेला, ते येथे मांडत आहे, कारण नुकत्याच सीए झालेल्या मुली मला हाच प्रश्न विचारतात आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही.

मुलगी झाली तेव्हा, म्हणजे २०१८ च्या पावसाळ्यानंतर, मी पुण्यातील एका मध्यम आकाराच्या फर्ममध्ये नोकरीला होते. प्रसूती लाभ कायद्यात १ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे बारा आठवड्यांऐवजी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि ती कोणतीही कुरकुर न होता मिळाली, हे सांगायला हवे. अडचण परत रुजू झाल्यावर सुरू झाली. बाहेरगावच्या ऑडिटवर मला पाठवणे थांबले. 'तुमच्या सोयीसाठीच' असे वरिष्ठ म्हणाले आणि त्यांच्या बोलण्यात कपट नव्हते. पण लेखापरीक्षणात माणूस शिकतो तो कारखान्यात, गोदामात उभे राहून साठा मोजताना आणि पार्टीच्या, म्हणजे अशिलाच्या, मुनीमाशी बोलताना. ते काढून घेतले की हाती उरते ती नुसती फॉर्म भरण्याची कामे. माझ्यानंतर लागलेली मुले मोठ्या ऑडिटची टीम सांभाळू लागली आणि मी जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्रांपुरती उरले.

त्या विवरणपत्राची कथाही सांगण्यासारखी आहे. २०१७-१८ या जीएसटीच्या पहिल्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची मूळ मुदत ३१ डिसेंबर २०१८ होती, तेव्हा मुलगी पाळण्यात होती. ती मुदत इतक्या वेळा वाढली की प्रत्यक्ष काम संपले ते फेब्रुवारी २०२० मध्ये, आणि तोवर ती घरभर धावू लागली होती. रजेवरून परत आल्यापासून प्रत्येक मुदतीच्या आधी पाळणाघरातल्या ताईंना 'या आठवड्यात जरा उशीर होईल' असे सांगायचे, मुदत वाढली की हुश्श करायचे आणि दोन महिन्यांनी पुन्हा तोच निरोप घेऊन जायचे, असे चालले होते. शेवटी ताईच म्हणाल्या, 'अहो, तुमची शेवटची तारीख शेवटची कधी असते?' त्यांना पटेल असे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

२०२० मध्ये आम्ही सांगलीला आलो. पतींना येथे शिकवण्याची नोकरी मिळाली आणि सासूबाई येथेच होत्या. माझ्यापुढे तीन वाटा होत्या. एखाद्या कारखान्याच्या लेखा विभागात नोकरी करणे, ही पहिली. नोकरी सांभाळून अंशकालीन सीओपी, म्हणजे प्रॅक्टिसचा परवाना, घेणे, ही दुसरी. पण अंशकालीन सीओपीवर ऑडिटची सही करता येत नाही, त्यामुळे ज्या कामासाठी इतकी वर्षे अभ्यास केला तेच काम हातून जाणार होते. तिसरी वाट पूर्ण वेळ स्वतःची प्रॅक्टिस, आणि मी ती घेतली. 'घरचे काम असल्यामुळे वेळ आपल्या हातात राहील' असे तेव्हा सगळेच म्हणत होते. वेळ हातात राहतो हे खरे, पण प्रॅक्टिस एकटीची असेल तर सहीसुद्धा एकटीचीच असते, आणि त्याचा अर्थ वर्षभरातच कळला.

मुलगा झाला जुलै २०२१ मध्ये. आयकर खात्याचे नवे पोर्टल त्याच वर्षी ७ जूनला सुरू झाले होते. दोघांचा जन्म एकाच पावसाळ्यातला, आणि दोघांत मुलगा लवकर मार्गी लागला, असे आमच्या घरी अजूनही म्हणतात. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्या बाईला प्रसूती लाभ कायदा लागू होत नव्हता. तो नोकरदार स्त्रीसाठी होता. रजा घ्यायला कोणी अडवत नव्हते, पण माझ्या जागी उभे राहणारे कोणी नव्हते. टॅक्स ऑडिटमध्ये पार्टी आपल्या लॉगिनमधून सभासद क्रमांक घालून सीएची नेमणूक करते, मग तो सीए थ्री-सीडी हा ऑडिटच्या तपशिलाचा फॉर्म भरून स्वतःच्या डिजिटल सहीने चढवतो आणि पार्टी तो आपल्या लॉगिनमधून मान्य करते. अहवालाचा यूडीआयएन, म्हणजे ओळख क्रमांकही, सही करणाऱ्यानेच काढायचा असतो. आर्टिकल, म्हणजे हाताखाली शिकणारा सीएचा विद्यार्थी, कितीही हुशार असला तरी यातले काही त्याच्यावर सोपवता येत नाही. स्वयंपाक, अंघोळी, डबे यांना माणूस ठेवता येतो. सहीला ठेवता येत नाही. आई म्हणून आणि लेखापाल म्हणून माझी जागा एकाच वेळी दुसऱ्याला देता येणार नाही अशी होती, आणि तान्हे मूल आपली वेळ सांगून रडत नाही.

त्या वर्षी मुदतवाढीनेच मला तारले, हेही नमूद करायला हवे. पोर्टलच्या गोंधळामुळे ऑडिटची तारीख सरकत सरकत १५ फेब्रुवारी २०२२ पर्यंत गेली. बाळ दुपारी झोपले की दीड तास लेजर पाहायचे, उठले की थांबायचे, रात्री सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतले की ताळेबंदावर शेवटचा हात फिरवायचा, असे करत ती ऑडिटे उरकली. पण हे दरवर्षी होणार नाही आणि होऊ नये, हे तेव्हाच ठरवले.

पुढच्या दोन वर्षांत मी केलेला सर्वांत महत्त्वाचा बदल घरातला नव्हता, तो पार्ट्यांच्या बाबतीतला होता. सप्टेंबरची धावपळ कायद्यामुळे होते असे आपण म्हणतो, पण आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि ऑडिटला पुढे सहा महिने मिळतात. धावपळ होते ती कागद ऑगस्टच्या शेवटी येतात म्हणून. सांगलीतले माझे बरेचसे काम हळदीच्या आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांचे आणि कुपवाडच्या लहान कारखानदारांचे आहे. यांपैकी कोणाचीही वही जूनमध्ये तयार होऊ शकत नाही, असे नाही. जूनमध्ये ती कोणी मागत नाही, इतकेच. मी मागायला सुरुवात केली. ३० जूनपर्यंत टॅलीचा बॅकअप, बँकेचे उतारे आणि साठ्याची यादी देणाऱ्यास फी थोडी कमी. १५ ऑगस्टनंतर देणाऱ्यास फी जास्त आणि ३० सप्टेंबरची हमी नाही, असे पत्र एप्रिलमध्येच पाठवले. टीडीएसची चौथ्या तिमाहीची विवरणे ३१ मेपर्यंत भरली जातात, म्हणून २६-एएस (कापलेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा) जूनच्या मध्यापर्यंत पुरते भरत नाही, हे खरे. पण लेजर तपासणे, देणेकऱ्यांचे उतारे मागवणे, टू-बीशी (खरेदीवरील जीएसटीच्या पोर्टलवरच्या उताऱ्याशी) मेळ घालणे ही कामे त्याच्यासाठी थांबत नाहीत. मुले शाळेत असतात त्या वेळात जून-जुलैमध्ये हे काम शांतपणे होते आणि सप्टेंबरसाठी फक्त शेवटची पडताळणी व सही उरते.

पत्र वाचून काहीजण सोडून गेले. एक कारखानदार म्हणाले, 'मॅडम, तुमच्या मुलांसाठी आम्ही घाई करायची का?' मी त्यांना कलम २७१-बी सांगितले, म्हणजे ऑडिट वेळेत न झाल्यास उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख रुपये यांपैकी कमी असेल तो दंड, आणि मुलांचा विषय काढला नाही. पुढेही मी तो कधी काढला नाही. 'बाळ लहान आहे' हे कारण ऐकून घेतले जाते, पण ते ऐकणारा मनात आपली फी कमी करतो, हा माझा अनुभव आहे. मला मदत झाली ती कायद्याच्याच दोन बदलांची. रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असलेल्या धंद्याला टॅक्स ऑडिटची मर्यादा दहा कोटी झाली, त्यामुळे बऱ्याच लहान पार्ट्या ऑडिटमधून बाहेर पडल्या. दुसरे कलम ४३-बी(एच). सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत तर ती रक्कम त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, या तरतुदीमुळे २०२४ च्या मार्चपासून पार्टी स्वतःच देणेकऱ्यांची यादी घेऊन विचारायला येऊ लागली. मार्चमध्ये आलेला माणूस जूनमध्ये पुन्हा बोलावणे सोपे असते.

मासिक कामाचेही तसेच केले. पाच कोटींच्या आत उलाढाल असलेल्या ज्या पार्ट्यांना चालणार होते त्यांना जीएसटीच्या तिमाही विवरणपत्राच्या योजनेत नेले. कर दरमहा भरावा लागतोच, पण विवरणपत्र तीन महिन्यांनी आणि तेही महाराष्ट्रात २२ तारखेला, त्यामुळे २० तारखेची गर्दी विभागली गेली. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेले असते. त्यावर कराच्या तारखा लाल शाईने आणि शाळेच्या निळ्या शाईने मीच जूनमध्ये लिहिते: पालकसभा, लसीकरण, स्नेहसंमेलनाची रंगीत तालीम. मुलगी वाचायला शिकली तशी ती ते वाचू लागली, आणि एके दिवशी तिने धाकट्याला समजावलेले मी ऐकले, 'आज वीस आहे, आज बाबा गोष्ट सांगणार.' मला त्यात वाईट वाटण्यासारखे काही दिसले नाही. बाबांच्या गोष्टी माझ्यापेक्षा चांगल्या असतात.

घराबद्दल जास्त लिहीत नाही, कारण प्रत्येकीचे घर वेगळे असते आणि माझ्या घरी सासूबाई आहेत, हा मोठा आधार सगळ्यांना नसतो. एक गोष्ट मात्र मुद्दाम नोंदवते. त्या आहेत तरीही मुलाला आम्ही दीड वर्षाचा झाल्यावर अर्धा दिवस पाळणाघरात ठेवले. नातेवाईकांना ते खटकले. 'घरात आजी असताना?' असे थेट विचारले गेले. पण सत्तरीच्या बाईने रांगत्या मुलामागे दिवसभर धावावे आणि तिच्या थकण्यावर माझी प्रॅक्टिस उभी राहावी, हे मला हिशोबात बसत नव्हते. जो खर्च प्रत्यक्ष होतो आहे तो वहीत दिसला पाहिजे, ही आमच्या धंद्याची शिकवण आहे. पाळणाघराची फी दिसते, आजीचा गुडघा दिसत नाही. पतींनी सकाळ पूर्णपणे उचलली आहे. डबे, वेण्या, बूट आणि रिक्षा ही कामे ते माझ्यापेक्षा कमी आरडाओरड्यात करतात. सप्टेंबरात मी केवळ रात्रीच्या जेवणाला घरी असते, पण ते जेवण मी सोडत नाही. साडेसात ते साडेआठ फोन ऑफिसच्या आर्टिकलकडे असतो. त्या तासात एखाद्या पार्टीचा ओटीपी आला आणि वाया गेला तर दुसरा मागवता येतो.

राहिला सहीचा प्रश्न, तो भागीदारीने सुटला. सांगलीतच एकटीने प्रॅक्टिस करणारी, माझ्याहून थोडी लहान, एक सीए होती. आमची ओळख सीए संस्थेच्या शाखेत झाली, तीही अशी की, संध्याकाळी सहाला सुरू होणाऱ्या व्याख्यानातून साडेसातच्या आत उठून जाणाऱ्या आम्ही दोघीच होतो. २०२३ मध्ये आम्ही फर्म एक केली. लोकांना वाटते की भागीदारी काम वाटून घेण्यासाठी असते; आमची सही वाटून घेण्यासाठी होती. प्रत्येक ऑडिटच्या फायलीत दुसरीनेही सुरुवातीपासून लक्ष घालायचे, म्हणजे गरज पडल्यास पार्टीने पोर्टलवर दुसरीची नेमणूक केली की तिला डोळे मिटून सही करावी लागणार नाही. तशी सही करायचीच नाही, हे आमच्या करारात लिहिले आहे. यासाठी कामाचे कागद पहिल्या दिवसापासून इतके नीट ठेवावे लागतात की तिसऱ्या माणसाला उघडून समजावेत. आर्टिकलशिप जुलै २०२३ पासून तीन वर्षांची दोन वर्षांची झाली, त्यामुळे ही शिकाऊ मुले तयार होईतो निघून जातात, आणि या नीटनेटकेपणाचा तिथेही उपयोग झाला. २०२४ च्या सप्टेंबरात भागीदारणीच्या मुलाला डेंग्यू झाला तेव्हा तिची उरलेली ऑडिटे मी पुरी केली. एकट्या माणसाच्या प्रॅक्टिसमध्ये त्या आठवड्यात काय झाले असते, याचा विचार मी करत नाही.

आणि मग आले २०२५. आमची बहुतेक ऑडिटे वीस सप्टेंबरपर्यंत संपली होती. रेंगाळलेल्या पार्ट्यांसाठी शेवटचे दहा दिवस राखून ठेवले होते, त्यासाठी माझी आई रत्नागिरीहून आली होती आणि दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे काम संपवून सण, असा चोख हिशोब होता. २५ सप्टेंबरच्या दुपारी बातमी आली की ऑडिटची मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढली. आदल्या दिवशी राजस्थान उच्च न्यायालयाने तसा आदेश दिला होता. ऑफिसात आर्टिकल्सनी टाळ्या पिटल्या. पाच मिनिटांत पहिला फोन आला, 'मॅडम, आता निवांत करूया ना?' ज्या पार्ट्या दोन दिवसांत कागद देणार होत्या त्या सगळ्या निवांत झाल्या. आई ठरल्याप्रमाणे परत गेली. ऑक्टोबरमध्ये सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले होते, त्यानंतर त्यांना वाकायची, मूल उचलायची मनाई होती. मुलांना दिवाळीची सुट्टी लागली आणि पाळणाघरही चार दिवस बंद. त्यात बेदाण्याचे व्यापारी दिवाळीच्या सुमारास सौदे बंद ठेवून सगळी देणी-घेणी मिटवतात, त्याला येथे झिरो पेमेंट म्हणतात. त्यामुळे नेमक्या त्या दिवसांत त्यांच्या मुनीमाला माझ्यासाठी वेळ नव्हता. २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झाले, भाऊबीज झाली, आणि २९ ला पुन्हा बातमी आली, ऑडिट अहवाल आता १० नोव्हेंबर आणि विवरणपत्र १० डिसेंबर. या वेळी ऑफिसात टाळ्या वाजल्या नाहीत.

मुदतवाढीची मागणी आमच्याच व्यवसायातून होते आणि पोर्टल चालत नसेल, फॉर्म उशिरा येत असतील तर ती रास्तही असते. पण तिचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हे त्या निवेदनांत कधी नसते. तीस तारखेपर्यंत बांधलेली मदत, म्हणजे आईची रजा, शेजारणीचा शब्द, पतींनी बदलून घेतलेले तास, ही पुढच्या महिन्यात आपोआप वाढून मिळत नाही. ज्यांच्या घरी ही मदत बांधावीच लागत नाही त्यांना मुदतवाढ म्हणजे निव्वळ नफा. आमच्यासारख्यांना तेच काम दुसऱ्यांदा उभे करावे लागते. म्हणून दिवाळीनंतर आम्ही दोघींनी पार्ट्यांना पाठवायचे पत्र नव्याने लिहिले. त्यात आता स्पष्ट वाक्य आहे की, सरकारने मुदत वाढवली तरी आमची १५ ऑगस्टची तारीख बदलणार नाही आणि जास्तीची फी मूळ मुदतीवरूनच मोजली जाईल. उत्पन्न थोडे घटले आहे. माझ्याबरोबर उत्तीर्ण झालेल्या मित्रांच्या फर्म आमच्यापेक्षा मोठ्या आहेत आणि मुले लहान असेपर्यंत त्या मोठ्याच राहतील, हे आम्ही धरून चाललो आहोत. नवी ऑडिटे घेताना आता पहिला प्रश्न उलाढालीचा नसतो, तुमची वही कोण लिहितो आणि किती तारखेला लिहितो, हा असतो.

२०२६ चे वेळापत्रक तयार आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ ची ऑडिटे १९६१ च्याच आयकर कायद्याखाली होतील, पण १ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारांना नवा आयकर कायदा लागू असल्यामुळे टीडीएसचे काम नव्या कलमांनी आणि ऑडिट जुन्या कलमांनी, असे वर्षभर दोन्ही चालेल. त्या अभ्यासासाठी आम्ही मे महिन्यातल्या सकाळी राखल्या आहेत, कारण भागीदारणीचा मुलगा तेव्हा आजोळी असतो आणि माझी दोन्ही मुले पतींबरोबर घरी. एप्रिलचे बँक ऑडिट मिळाले तर ती पाहील, कारण तिच्या मुलाची परीक्षा मार्चमध्येच संपते आणि माझ्या मुलीची एप्रिलमध्ये असते. जुलैत मुलाचा वाढदिवस पगारदारांच्या गर्दीत येतो, तो आम्ही दरवर्षीप्रमाणे तिथीने साजरा करू. तिथी दरवर्षी सरकते, त्यामुळे बहुतेक वेळा एखादा सोयीचा रविवार जवळपास सापडतो.